मागचा चक्का

वडिलांची बदली आसामात झाली तेव्हा त्यांनी बनारसमध्ये दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक त्यांची मोटारसायकल आणि दुसरा मी. दोघांच्या बाबतीत कारण एकच होतं, मध्येच हलवलं तर नुकसान व्हायचं. गाडी जुनी होती, मालगाडीत घातली तर धड पोचेल याचा भरवसा नव्हता. आणि पुण्याहून इथे येऊन सुरू केलेलं माझं कॉलेज अर्ध्यावर आलं होतं. स्टेशनवर आई डोळे पुसत होती आणि वडील खिडकीतून मला क्लचच्या केबलबद्दल सांगत होते. बँकेतला माणूस, पण यंत्रावर जीव. गाडी हलता हलता म्हणाले, "काही बिघडलं तर लगेच पान्हा काढू नकोस. आधी गाडीलाच विचार, कधीपासून, किती वेगाला, कोण बसलेलं असताना. सांगते ती." माणूस बिघडला तर त्याला काय विचारायचं हे सांगायच्या आत डबा पुढे निघून गेला.

माझी सोय रामघाटावर अप्पा आणि काकूंकडे केलेली होती. नातं म्हणाल तर आईच्या आजोळाकडून कुठूनतरी लागत होतं. नीट उलगडून सांगा म्हटलं असतं तर दोन्ही पक्ष अडकले असते. अप्पा वेदपाठशाळेत शिकवत. पाठशाळा खालच्या मजल्यावर, आम्ही वर. पहाटे संथा सुरू व्हायची. अप्पा एक चरण म्हणत, तोच मुलं दोनदा म्हणत, आणि मी वर अंथरुणात पडून ऐकत असे. त्या आवाजात एक ऊब होती, हे आता कळतं. तेव्हा मला त्याचा रागच यायचा. खाली एवढे सगळे मिळून एकच गोष्ट म्हणताहेत आणि आपल्याला कुणी म्हणायला बोलावत नाही, असं काहीतरी वेडंवाकडं मनात येई. अप्पा दिवसाकाठी माझ्याशी एकच वाक्य बोलत, "जेवलास का?" तेही मी पानावर बसलेला असताना.

काकूंचा जन्म बनारसचाच. महाराष्ट्र त्यांनी पाहिला तो एकदा, लग्नानंतर जेजुरीला नेलं होतं तेव्हा. पोह्यांना त्या चूडा म्हणत, जिन्याला सीढी, आणि रागावल्या की वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत जाऊन आपटे. आमटीत चिंचेच्या जागी अमचूर घालत, तरी ती आमटीच लागायची. सकाळी खालच्या गलीतून कचौडीच्या तळणीचा वास वर चढायचा आणि काकू मुद्दाम फोडणीत हिंग जास्त टाकायच्या, म्हणजे बाहेरचा वास घरात टिकू नये. माझं पुणेरी मराठी ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसत. बाहेर माझ्या हिंदीची तीच गत होती. कॉलेजात पोरं फार पिडायला लागली तेव्हा एकदा मी भर वर्गात उभा राहून ओरडलो, "मेरी चेष्टा मत करो!" चेष्टा म्हणजे त्यांच्याकडे प्रयत्न. म्हणजे मी सगळ्यांना बजावत होतो की माझ्यासाठी प्रयत्न करू नका. आणि खरंच, त्यानंतर कुणी केला नाही.

गाडी गलीत येत नसे. ती मैदागिनला एका ओळखीच्या दुकानामागे उभी असायची. रविवारी मी चालत तिथवर जायचो, फडक्याने तिला पुसायचो आणि उगाच कुठेतरी भटकून यायचो, सारनाथ, शिवपूर, कुठेही. पाठीमागची जागा रिकामी. रस्त्यात थांबून चहा घ्यायचा, चहावाल्याने कुठून आलात विचारलं की रामघाट म्हणायचं. तो म्हणायचा, नाही, असली गाव कौनसा? मग मला पुणं म्हणावं, आसाम म्हणावं, काही सुधरायचं नाही. मला आई हवी होती. त्या वयात मिसरूड फुटलेल्या पोराने हे बोलायची सोय नव्हती, आता सत्तरीकडे झुकल्यावर सांगायला हरकत नाही.

त्या घरात माझ्याइतकं एकटं आणखी एक माणूस आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. अप्पा-काकूंना एक मुलगा होता, मुकुंद. रेल्वेत नोकरीला, मुगलसरायला. गंगा ओलांडली की तासाभराचा रस्ता. पण त्याने बक्सरकडच्या एका मुलीशी लग्न केलं. त्याच्याच ऑफिसात होती ती. अप्पांनी त्याला सांगितलं, या उंबऱ्याच्या आत पाऊल नको. तेव्हापासून त्या घरात 'मुकुंद' हा शब्द उच्चारला जात नसे. काकू एखादी वस्तू शोधताना "हे त्याने आणलेलं" म्हणायच्या आणि चटकन जीभ चावायच्या. तो 'तो' कोण हे मला पाठशाळेतल्या मुलांकडून कळलं.

चैत्रातली गोष्ट. अप्पांचं मुन्शी घाटावर कुणाकडे दिवसभराचं पारायण होतं. ते सकाळीच गेले आणि काकू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नेसूची बरी साडी, हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा.

"शेखर, तुझी फटफटी मुगलसरायपर्यंत जाते का रे?"

"जाते की."

"दोघांना घेऊन?"

"आम्ही तिघं बसायचो, काकू."

मुकुंदाला मुलगी झाली होती आणि त्या दिवशी तिचं उष्टावण होतं, पहिला घास भरवायचा. मुकुंदाचा कुणी मित्र घाटावर भेटला, त्याने सांगितलं. बोलावणं नव्हतं. काकूंनी अप्पांना सांगितलं होतं की भोसले घाटावर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाते. डब्यात रात्रभर टांगून काढलेला चक्का होता. मी म्हटलं, "श्रीखंडच करून न्या ना, तिथे कुठे घोटत बसणार?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं, हा एवढा शिकलेला आणि एवढंही कळत नाही, असं. "तयार श्रीखंड नेलं तर दारातच घेतील आणि भांडं धुऊन परत देतील. चक्का नेला तर घोटायला बसावं लागेल. तेवढी देर तरी बसू देतील ना?" नातीला एकदा मांडीवर घ्यायचं आणि अप्पा परतायच्या आत घरी यायचं, एवढाच बेत होता. त्यासाठी त्या जन्मात पहिल्यांदा अप्पांशी खोटं बोलल्या होत्या.

मैदागिनहून राजघाटपर्यंत त्या पाय एका बाजूला सोडून, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्याने मांडीवरचा डबा धरून अगदी स्तब्ध बसल्या होत्या. पुलावर आलो. खालून आगगाडी गेली तसा सगळा पूल थरारला. काकूंनी खाली नदीकडे हात न जोडता नुसती मान लववली, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. पूल उतरलो, पडावचा चौक मागे टाकला, रस्ता सरळ आणि मोकळा झाला तसा मी वेग घेतला. आणि एकाएकी गाडीने मागून झोला खाल्ला. हँडल हातात थरथरायला लागलं. मी वेग कमी केला, थांबलं. परत वेग घेतला, थोडं अंतर ठीक, की पुन्हा तेच, मागचा भाग शेपटी हलवल्यासारखा डावीकडे-उजवीकडे. एकटा असतो तर पडलो असतो तरी चाललं असतं, असं त्या दिवसांत मला खरोखर वाटायचं; पण मागे काकू होत्या.

तेवढ्यात दुधाच्या कॅना लटकावलेला एक सायकलवाला बाजूने ओरडला, "ए भइया! पिछला चक्का डोलत बा!"

मी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघं उतरलो आणि दोघांनी एकदमच डब्याकडे पाहिलं. झाकण घट्ट होतं. काकूंनी ते उघडून पाहिलं, चक्का होता तसा, बोट लावलं तर ठसा उमटेल असा घट्ट. काकूंचा चेहरा मात्र उतरला. "याला कसं कळलं रे, यात चक्का आहे?" खरंच की. आमच्या घरात तो शब्द एकाच अर्थाने होता आणि सकाळपासून तो काकूंच्या मांडीवर होता. "रामघाटचाच कुणी असेल," त्या म्हणाल्या. "आता संध्याकाळच्या आत ह्यांच्या कानावर जाईल." मी फडकं सोडून डबा पुन्हा आवळून बांधला, गाठीवर गाठ मारली आणि निघालो. आता गाडी आधीपेक्षा दुप्पट डोलायला लागली. एक ट्रक एवढ्या जवळून गेला की त्याची हवा कानशिलाला लागली. मी पुन्हा थांबलो, ह्या वेळेला एका कडुनिंबाखाली.

वडिलांचं ऐकून पान्हा काढला नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढवली. टायर अंगठ्याने दाबून पाहिले, हवा होती. मागे उकिडवा बसून चाक फिरवलं.

"काय बघतोस?" काकूंनी विचारलं.

"चाक."

काकूंनी कपाळावर हात मारला. "हाय रे देवा! चाक म्हणत होता तो! चक्का म्हणजे पहिया! जन्म गेला माझा इथे, आणि आज नेमकी मती कुठे गेली?" त्या हसायला लागल्या, मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्या घरात राहायला आल्यापासून आम्ही दोघं एका गोष्टीला एकत्र हसलो ते पहिल्यांदाच. मग काकू पदराने डोळे पुसू लागल्या ते जरा जास्तच वेळ पुसत राहिल्या, आणि त्यातलं हसण्याचं किती नि दुसरं किती, हे मी विचारलं नाही.

चाक तर चाक. मी ते खाली-वर दोन्ही हातांनी धरून हलवलं, खडखडलं नाही. तारा एकेक बोटाने वाजवून पाहिल्या, एकही सैल नव्हती. नट आवळलेले होते, चेन ठीक होती, पुढचं हँडल सोडलं तर अडखळल्याशिवाय दोन्हीकडे पडत होतं. ऊन चढत चाललं होतं. काकू डबा सावलीत धरून उभ्या होत्या आणि सारखं विचारत होत्या, "पाणी तर सुटणार नाही ना रे? घास भरवून झाला असेल का?" मला काय ठाऊक. मग वडिलांचे प्रश्न मी एकेक करून गाडीला विचारले. कधीपासून? पडावपासून. किती वेगाला? वेग घेतल्यावर. कोण बसलेलं असताना? मी काकूंना म्हटलं, थांबा इथेच, आणि एकटाच गाडी घेऊन पुढे जाऊन आलो. सुरीने रेघ मारावी तशी सरळ. हात हलके ठेवून पाहिलं, तरी सरळ.

"काकू, तुम्ही हलता का हो?"

"मी? मी कशाला हलू? मूर्तीसारखी बसलेय."

मी गाडी परत स्टँडवर घेतली आणि म्हटलं, बसा बरं, येताना बसला होतात तशाच. त्या बसल्या, डबा मांडीवर घेऊन, खरोखरच मूर्तीसारख्या. मी शेजारी उभा. मागून कुणीतरी भोंगा वाजवला मात्र, काकू डब्यासकट गर्रकन मागे वळल्या, कमरेतून सगळ्या, आणि स्टँडवरची जड गाडी एका अंगावर कलली. मी धरली म्हणून बरं.

"हे," मी म्हटलं. "हे करताय तुम्ही."

त्यांना ते खरंच ठाऊक नव्हतं. मग हळूहळू सांगितलं. पडावला पानाच्या ठेल्यापाशी रामघाटचा एक नावाडी उभा दिसला होता, निदान तसा वाटला होता. तो मागून येतोय का हे त्या बघत होत्या. सायकलवाला ओरडल्यावर तर प्रत्येक भोंग्याला बघत होत्या. अंगाने त्या भरलेल्या, त्यात ते पितळी भांडं. गाडी बिचारी काय करणार. "माझीच खोट आहे म्हणजे," काकू म्हणाल्या, "गाडीची नाही." मला वाईट वाटलं. बिघाड सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण हा बिघाड नटासारखा आवळता येण्यातला नव्हता. मी म्हटलं, "आरसा आहे ना मला. मागे कोण आहे ते मी बघतो. तुम्ही फक्त समोर बघा." त्यानंतर सगळ्या रस्ताभर त्या दर थोड्या वेळाने माझ्या कानाशी विचारत, "आहे का रे कुणी?" आणि मी आरशात बघून सांगत असे, "कुणी नाही, काकू." गाडी एकदाही डोलली नाही.

मुगलसराय म्हणतोय मी. आता स्टेशनचं नाव बदललंय, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय. रेल्वे कॉलनीतली लाल विटांची घरं सगळी सारखी होती. काकूंनी एकाही दाराचा नंबर विचारला नाही; बाहेर दोरीवर लंगोट वाळत होते तिथे "हेच" म्हणाल्या. मुकुंद दारात आला. बापासारखा उंच. त्याने आईकडे पाहिलं, खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग दोघं आत गेले. दार लोटलं गेलं. मला वाटलं, येईल आता कुणीतरी बोलवायला.

मी गाडीवर बसून राहिलो. आधी आतून काहीच ऐकू येईना, मग काकूंचा आवाज आला, मग एक अनोळखी बाईचा, हिंदीत, जरा बुजरा. मग भांडी वाजली. मग बाळ जोरात रडलं आणि सगळे हसले. काकू मराठीत काहीतरी गात होत्या, मधले शब्द भोजपुरी. मी ऊन वाचवायला गाडी दोनदा सरकवली. सावली संपली तेव्हा भिंतीला टेकून उभा राहिलो. कुणी हाकललं नव्हतं, कुणी अपमान केला नव्हता. विसरले होते फक्त. आनंदात माणसं असंच विसरतात, हे मला आज समजतं, तरी ते लोटलेलं दार अजून आठवतं. मी स्वतः उठून कडी का वाजवली नाही? वाजवली नाही खरी. वर्षभरात मला बाहेर थांबायची सवय लागली होती.

ऊन कलल्यावर काकू बाहेर आल्या, हातात वाटी. श्रीखंड. चेहरा असा की मी त्यांना ओळखलंच नसतं. "खा," म्हणाल्या, "आणि तू नीघ बेटा. मी इथेच राहते काही दिवस. सुनेची सुट्टी संपली, उद्यापासून कामावर जायचंय, पोर शेजारणीकडे ठेवणार होते. असं कसं चालेल?" मी म्हटलं, "आणि अप्पा?" त्यांनी मागे दाराकडे पाहिलं. आत बाळ कुरकुरत होतं. "त्यांना सांग तू," म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "तू चांगला आहेस रे." वाटी रिकामी होईपर्यंतही थांबल्या नाहीत. मी उभ्या उभ्या खाल्लं, वाटी पायरीवर ठेवली. श्रीखंड उत्तम झालं होतं.

येतानाचा रस्ता मला आठवत नाही. मी वाक्यं जुळवत होतो. अप्पांना हे कसं सांगायचं, आधी काय, मग काय. घर सोडायला सांगतील तर सामान घेऊन जायचं कुठे, हेही ठरवत होतो. मैदागिनला गाडी लावून गलीतून आलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि अप्पा पाठशाळेच्या पायरीवर एकटेच बसले होते. मुलं वर गच्चीत होती. मला पाहून त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"काकू कुठे राहिली?"

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडात आलं नाही. "मुगलसरायला. मुकुंददादाकडे. मीच नेलं. त्या म्हणाल्या, काही दिवस राहते."

अप्पा उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले. घाटावरून घंटेचा आवाज येत होता. मी एक पाय पायरीवर, एक खाली, असा उभा. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"नात कोणावर गेलीय?" त्यांनी विचारलं.

बाळाचं मी काही बोललोच नव्हतो. मुलगी झाल्याचं तर नाहीच. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे. ते माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत, आणि त्या घरात मला कुणी इतकी मनापासून विचारलेली ती पहिली गोष्ट होती. काहीतरी सांगून टाकावं, नाक तुमचं आहे म्हणावं, असं फार वाटलं.

"ठाऊक नाही अप्पा," मी म्हटलं. "मी बाहेरच होतो. मला कुणी आत बोलावलं नाही."

अप्पांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"मलाही नाही," ते म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझ्या खांद्याला धरून जिन्याकडे वळले. "चल, पानं घेऊ."